मुंबई ते कराची: १९३२ साली सव्वासात तास, आज किती?

मंडळी, आजची पोस्ट जरा लांब आहे. चहा घेऊन बसा.

आमच्या इमारतीत एक सिंधी आजी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, जन्म कराचीचा. फाळणीनंतर आई-वडिलांचा हात धरून बोटीने मुंबईला आल्या आणि इथल्याच झाल्या. मराठी तुमच्या-माझ्याइतकंच सफाईदार बोलतात. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा सहज विचारलं, "बेटा, आता कराचीला विमानाने किती वेळ लागतो रे?"

मी म्हटलं, "बघून सांगतो आजी." घरी येऊन नकाशा उघडला. मुंबईच्या विमानतळापासून कराचीच्या विमानतळापर्यंत सरळ रेघ मारली तर अंतर येतं साधारण पावणेनऊशे किलोमीटर. बंगळुरूपेक्षा थोडंसं जास्त, दिल्लीपेक्षा बरंच कमी. आजच्या जेट विमानाला हे म्हणजे दीड-पावणेदोन तासांचं काम. नाश्त्याचा ट्रे गोळा होईपर्यंत विमान उतरायला लागेल.

पण थेट विमानच नाही. २०१७ पासून या दोन शहरांत नियमित थेट सेवा नाही. ज्याला जायची परवानगी आहे आणि जावंच लागतं, त्याला दुबईसारख्या ठिकाणी वळसा घालावा लागतो. मुंबई-दुबई साधारण १,९३० किलोमीटर, दुबई-कराची साधारण १,१९०. बेरीज ३,१०० च्या वर, म्हणजे सरळ अंतराच्या साडेतीन पट. हवेतलेच पाच तास, वर दुबईत पुढच्या विमानाची वाट बघण्यात दोन-तीन तास. सगळं नीट जुळून आलं तर सात-आठ तास. नाही जुळलं तर अख्खा दिवस.

हा सात-आठ तासांचा आकडा बघितला आणि मला १९३२ सालचं एक उड्डाण आठवलं. ते आपल्या जुहूलाच उतरलं होतं. त्याची गोष्ट आधी सांगतो.

लंडनची टपालपिशवी कराचीत अडायची

१९२९ च्या मार्चअखेरीस ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेज कंपनीने लंडन ते कराची हवाई टपाल सुरू केलं. बोटीने साधारण दोन आठवडे लागायचे, तिथे हे पत्र आठवड्याभरात हिंदुस्थानच्या दारात येऊ लागलं. पण दारातच. कराचीत उतरलेली पिशवी मुंबई-मद्रासकडे यायची ती आगगाडीने. म्हणजे अर्ध्या जगावरून उडत आलेलं पत्र शेवटच्या टप्प्यात रेल्वेच्या डब्यात बसायचं.

ही उणीव नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या माणसाने हेरली. रॉयल एअर फोर्समधला जुना वैमानिक. त्याने कराचीहून पुढे मुंबई आणि मद्रासपर्यंत टपाल विमानाने न्यायची योजना आखली आणि तो जे. आर. डी. टाटांकडे आला. जेआरडी तेव्हा पंचविशीत होते. याच जुहूच्या फ्लाइंग क्लबात शिकून फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांनी वैमानिकाचा परवाना मिळवला होता. हिंदुस्थानात दिलेला पहिला परवाना तो, क्रमांक एक. त्यांना योजना पटायला वेळ लागला नाही.

वेळ लागला तो टाटा सन्सचे अध्यक्ष दोराबजी टाटांना पटवायला. ते काम जॉन पीटरसन या वरिष्ठ अधिकाऱ्याने केलं. भांडवल साधारण दोन लाख रुपयांचं. खरी दमछाक झाली ती सरकारदरबारी. परवानगीसाठी तीन वर्षं गेली. अनुदान मिळणार नाही, जेवढं टपाल न्याल तेवढ्याचे पैसे, या बोलीवर अखेर १९३२ च्या एप्रिलमध्ये करार झाला. आजही विमानतळाची फाइल मंत्रालयात कशी फिरते हे माहीत असलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

शनिवार, १५ ऑक्टोबर १९३२

कराचीचं ड्रिघ रोड विमानतळ. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडींनी पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान वर काढलं. सोबत सहप्रवासी कोणी नाही, फक्त टपालाची पोती. वजन ५५ पौंड, म्हणजे २५ किलो. आज आपण विमानात एकेक बॅग एवढ्या वजनाची देतो आणि वर दोन किलोसाठी काउंटरवर हुज्जत घालतो.

वेग ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटरच्या आसपास. रेडिओ नाही. खाली बघायचं, नद्या आणि रूळ ओळखायचे, होकायंत्र आणि घड्याळ सांभाळायचं. एवढ्या अंतरासाठी मध्ये इंधन घ्यायला अहमदाबादला उतरणं भाग होतं. तिथे बर्मा शेलचं पेट्रोल आलं होतं चार-चार गॅलनच्या डब्यांतून, आणि तेही बैलगाडीवर. हाताच्या पंपाने टाकी भरली आणि विमान पुन्हा उडालं.

दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरलं. एकूण सव्वासात तास.

हिशेब करून बघा. कराची-अहमदाबाद सुमारे ६०० किलोमीटर, अहमदाबाद-जुहू सुमारे ४४०. एकूण १,०४०. ताशी १६० ने साडेसहा तास होतात. उरलेला पाऊण तास बैलगाडीवरचं पेट्रोल टाकीत जायला आणि चढउताराला. आकडे चोख जुळतात. वाटेत बाकी कुठे वेळ गेलाच नाही, कारण अडवायला कोणी नव्हतं. जुहूहून पुढचं टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेला.

हीच आपल्याकडच्या नियमित हवाई टपालसेवेची आणि पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीची सुरुवात. दोन विमानं, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक. एवढाच पसारा. जुहूची धावपट्टी म्हणजे तेव्हा खाजणाला लागून असलेली जमीन. पावसाळ्यात तिथे पाणी भरायचं, मग ही मंडळी बाडबिस्तरा उचलून पुण्याला जायची. पुण्यात जागा मिळाली येरवड्याच्या तुरुंगाशेजारच्या मैदानात. म्हणजे पावसाळ्याचे महिने लंडनची पत्रं येरवड्याला उतरायची! पहिल्या वर्षात कंपनीने १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी आणि पावणेअकरा टनांच्या आसपास टपाल नेलं आणि साठ हजार रुपये नफा काढला. वेळेच्या बाबतीत तर सरकारी अहवालानेही पाठ थोपटली.

तिन्ही थांबे एकाच इलाख्यातले

आता एक गोष्ट जी या उड्डाणाबद्दल लिहिताना सहसा सुटते.

१९३२ साली कराची मुंबई इलाख्यात होती. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध घेतला आणि १८४७ मध्ये तो मुंबईला जोडला. तो वेगळा झाला थेट १ एप्रिल १९३६ ला. अहमदाबादही मुंबई इलाख्यातच होतं. म्हणजे जेआरडी जिथून उडाले, जिथे पेट्रोल घेतलं आणि जिथे उतरले ती तिन्ही ठिकाणं एकाच गव्हर्नरच्या अमलाखाली. मधे कच्छ-काठेवाडची संस्थानं होती, पण विमानाला अडवणारी सरहद्द नव्हती.

आणि हे नातं फक्त कागदावरचं नव्हतं. सिंधच्या कॉलेजांतली मुलं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेला बसायची. मुंबई सरकारच्या नोकरीत बदलीचं ठिकाण म्हणून जसं धारवाड असायचं, तसं कराचीही असायचं. कराचीतलं १८५५ साली सुरू झालेलं पहिलं सरकारी हायस्कूल आजही 'एन. जे. व्ही.' या नावाने ओळखलं जातं. ही तीन अक्षरं म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. सिंधमधले त्या काळचे शिक्षणाधिकारी. आज पाकिस्तानातल्या सर्वांत मोठ्या शहरात एका वैद्यांच्या नावाची शाळा भरते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मग अंतर वाढत गेलं

१९४७ च्या ऑगस्टमध्ये कराची पाकिस्तानची राजधानी झाली. १९४८ च्या जानेवारीत तिथे दंगल उसळली आणि सिंधी हिंदूंचा लोंढा वाढला. बोटी भरभरून माणसं मुंबईच्या बंदरात उतरली. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली. त्या छावणीचं १९४९ मध्ये नाव पडलं उल्हासनगर. आमच्या आजींचं बालपण तिथलंच. त्या सांगतात, बोटीला दोन दिवस लागले होते आणि वडील सारखे म्हणत होते, थोडे दिवस जाऊ देत, परत जाऊ. घराची किल्ली त्यांनी बरीच वर्षं जपून ठेवली होती.

तरी वाट पूर्ण बंद झाली नव्हती. विमानं होती, बोटी होती, राजस्थानातून रेल्वे होती. १९६५ च्या युद्धाने सगळ्यालाच खीळ बसली. त्याच युद्धात १९ सप्टेंबरला गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचं साधं नागरी विमान कच्छच्या सरहद्दीजवळ पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडलं. ज्या आकाशातून टपाल यायचं, त्याच आकाशात एका राज्याचा मुख्यमंत्री मारला गेला. मध्ये अवघी तेहतीस वर्षं.

पुढे १९७१. जानेवारीच्या शेवटी 'गंगा' नावाचं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून लाहोरला नेलं आणि तिथे जाळलं. भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. पाकिस्तानचे तेव्हा दोन तुकडे होते, मध्ये आपण. कराचीहून ढाक्याला जाणारं विमान आता खाली श्रीलंकेला वळसा घालून जाऊ लागलं. अंतर जवळजवळ दुप्पट झालं. त्या वर्षाअखेर काय घडलं ते सगळ्यांना माहीत आहे.

विमानं परत सुरू झाली १९७६ च्या जुलैत. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ ला पुन्हा बंद, १ जानेवारी २००४ ला पुन्हा चालू. २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश साधारण साडेचार महिने बंद ठेवलं. तेव्हा लांबच्या वाटेने जाण्यात एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटींचा फटका बसला, हा संसदेत सरकारने दिलेला आकडा. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं आणि मग एकेक महिन्याची मुदतवाढ सुरू झाली. याची किंमत कराचीला न जाणारेही देतात. उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या आपल्या विमानांचे तास त्यामुळे वाढले. जास्त तास म्हणजे जास्त इंधन, आणि इंधनाचे पैसे शेवटी तिकिटातूनच वसूल होतात.

"पण २६/११ विसरलात का?"

हा प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा. नाही विसरलो. २००८ मध्ये ते दहा जण कराचीहूनच समुद्रमार्गे आले. वाटेत एक भारतीय मच्छीमार बोट पळवली, त्यावरच्या माणसांना मारलं आणि कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. मुंबईकराला हे अंतर किती कमी आहे ते कोणी शिकवायची गरज नाही. त्या रात्री ते फार कमी ठरलं.

म्हणून मी इथे "उद्यापासून विमानं सुरू करा" असं लिहीत नाही. सरहद्दीवर काय चाललंय ते बघूनच सरकार असे निर्णय घेतं आणि घ्यावेत. माझं म्हणणं वेगळं आहे. आपण अंतर किलोमीटरमध्ये मोजतो, पण माणसाला ते तासांत आणि दिवसांत पडतं. आणि ते तास इंजिन जितकं ठरवतं तितकंच राजकारण ठरवतं. नव्वद वर्षांत विमानाचा वेग पाचपट झाला. बैलगाडीवरचं पेट्रोल गेलं, रडार आलं, उपग्रह आले. तरी जुहू ते ड्रिघ रोड हा प्रवास १९३२ पेक्षा एक मिनिटानेही लवकर होत नाही. ही किंमत आहे. ती मोजावी लागत असेल तर मोजूया, पण आपण काय मोजतोय हे ठाऊक असावं.

आणि ती सर्वांत जास्त कोण मोजतं, ते बघा. विमानात कधी न बसलेली माणसं. आपल्या पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात. समुद्रात कुठे रेघ आखलेली नसते. माशामागे जाता जाता बोट पलीकडे गेली की पकडली जाते आणि माणसं कराचीच्या तुरुंगात. तसेच त्यांचे मच्छीमार आपल्याकडच्या तुरुंगात. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या याद्यांत आपल्या वाडी-पाड्यांतली नावं असतात. शिक्षा संपूनही सुटका लांबते.

आणि सुटला की तो घरी कसा येतो? कराचीपासून पालघर समुद्राने हजार किलोमीटरच्या आत. पण त्याला आधी कराचीहून लाहोरला नेतात. तिथून वाघा सरहद्द, मग अमृतसर, मग आगगाडीने परत खाली गुजरात आणि पालघर. तीन हजार किलोमीटरच्या वर. दोन टोकं एकाच किनाऱ्यावर, आणि माणूस पंजाब फिरून घरी येतो. विमानं बंद असोत, व्यापार बंद असो, निदान शिक्षा भोगून झालेल्या खलाशाला समुद्राच्या वाटेने परत पाठवायची सोय दोन्ही सरकारांना करता येईल. नौदल, तटरक्षक दल दोघांकडे आहे. हे मागणं आपल्या खासदारांपर्यंत पोचायला हवं, निवडणूक असो वा नसो.

दोन पुनरावृत्त्या

शेवटी परत त्या उड्डाणाकडे येतो.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, पन्नास वर्षं झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी तेच उड्डाण पुन्हा केलं. लेपर्ड मॉथ नावाचं जुनं छोटं विमान, एकटे वैमानिक, आणि सुरुवात कराचीहूनच. दोन देशांमध्ये तोवर तीन युद्धं होऊन गेली होती, तरी म्हाताऱ्याला तिथून उडता आलं.

१५ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईच्याच आरोही पंडित या वैमानिक मुलीने तीच आठवण जागवली. ही तीच आरोही, जिने २०१९ मध्ये छोट्या लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. असं करणारी ती जगातली पहिली महिला. या वेळीही ती अहमदाबादमार्गे जुहूला उतरली. पण निघाली भुजहून. १९७१ च्या युद्धात बाँबने उखडलेली जी धावपट्टी माधापरच्या बायकांनी तीन दिवसांत बांधून दिली, त्या भुजहून. अटलांटिक ओलांडलेल्या मुलीच्या त्या उड्डाणाच्या नकाशावर कराची नव्हतं.

काल संध्याकाळी आजींना उत्तर दिलं. म्हटलं, आजी, सरळ गेलं तर दीड-पावणेदोन तास, पण सरळ जाता येत नाही. दुबईवरून आठेक तास तरी लागतील, आणि व्हिसा मिळाला तर. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग हसून म्हणाल्या, "म्हणजे आमची बोट काही फार हळू नव्हती."

तुमच्या घरात कोणाचं जुनं कराची असेल, आजोबांची तिथली बदली असेल, नाहीतर गावातला कोणी खलाशी त्या लांबच्या वाटेने परत आला असेल, तर जरूर लिहा. नाव-गाव नसलं तरी चालेल. ही माणसं आहेत तोवर ऐकून घेऊया.